धाकल्याचा वाटा

आई होती तोवर धाकल्याचं पुढं काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढला नाही. आई 2009 साली गेली. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले आणि संध्याकाळी धाकला नेहमीच्या जागी, चुलीपुढं, तोंड उघडून बसला. भरवणारी नव्हती. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. मग माझ्या बायकोनं ताट घेतलं. त्या ताटाबरोबर आपल्या पदरात काय पडलं हे तिला तेव्हाच कळलं असणार. मला कळायला दोन वर्षं लागली.

धाकला म्हणजे माझा सगळ्यात लहान भाऊ. मी, मधली बहीण आणि हा. त्याचं कागदावरचं नाव आधार कार्ड काढताना पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं गेलं, तेव्हा तो वळूनसुद्धा बघेना. जन्मला तेव्हा उशिरा रडला, असं सुईण सांगायची. चालायला पाचव्या वर्षी लागला, तेही एका अंगावर कलून. बोलत नाही. भुकेचा एक आवाज आहे, दुखण्याचा एक आहे, आणि सकाळी दुधाचा टेम्पो आला की आनंदाचा एक. मधनंच फिट येते. कपड्यातच होतं. आता त्याचं वय अठ्ठावन्न आहे. अशा माणसाला पूर्वी खुळा म्हणायचे, मग मतिमंद म्हणायला लागले, आता दिव्यांग म्हणतात. शब्द सुधारत गेले ते चांगलंच झालं. पण सकाळी सहाला त्याचं अंथरूण धुवायला लागतं, ते कुठल्याच शब्दानं धुतलं जात नाही.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, सणसर आणि बेलवाडीच्या मधल्या अंगाला, नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्यावर. फाट्याला आवर्तन सुटलं की कमरेएवढं पाणी जोरात जातं. धाकल्याला पाण्याची ओढ फार. दोनदा पडता पडता वाचला. म्हणून आम्ही त्याला बांधायचो. कांदे काढायला आलेत, उसाला तोड आली, घरात माणूस नाही, अशा दिवशी कमरेला सुती दावं बांधून त्याला लिंबाखाली ठेवायचो. कमरेला, गळ्यात नाही, असं मी अजून सांगतो. आणि सांगताना माझं मलाच कसंतरी होतं. आई असतानाही बांधत होतो. बाजूला पाण्याचा तांब्या, भाकरीचा तुकडा. संध्याकाळी सोडायचो तेव्हा दाव्याएवढ्या घेरात जमीन गुळगुळीत झालेली असायची.

हे मी आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी संस्थेबद्दल लिहिणार आहे, आणि संस्थेबद्दल लिहिणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचं घर धुतलेल्या तांदळासारखं आहे असं धरून लिहितो.

2011 च्या पावसाळ्यात बायकोची कंबर धरली. डॉक्टरनं उचलायचं नाही म्हणून सांगितलं. सत्तर किलोचा गडी न उचलता धुवायचा कसा, ते डॉक्टरनं सांगितलं नाही. त्याच आठवड्यात एका रात्री ती म्हणाली, “तुमचा भाऊ, आन् धुणं माझं. बावीस वर्सं झाली लगीन होऊन, मी माह्यारी सलग चार दिस ऱ्हायले न्हाई.” रागानं म्हणाली असती तर मी काही उत्तर दिलं असतं. ती हिशेब सांगावा तशी म्हणाली.

मग आम्ही त्याला एका संस्थेत ठेवला. कुठली ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. कुणाच्या तरी ओळखीनं जागा मिळाली. सोडून आलो त्या दिवशी परतीच्या एसटीत मी भिगवणपर्यंत खिडकीच्या बाहेर बघत राहिलो. उजनीच्या पाण्यावर पक्षी बसले होते, आणि माझ्या मनात एकच घोळत होतं: घरी गेल्यावर लिंबाचं दावं सोडून कुठं टाकायचं.

संस्थेनं त्याचं वाईट केलं नाही. मारहाण नव्हती. फरशी दिवसातनं दोनदा फिनेलनं पुसलेली असायची. सत्तरएक माणसं, सगळ्यांची डोकी सारखी भादरलेली, अंगावर एका ताग्यातले सदरे. आम्ही दिलेले त्याचे कपडे दुसऱ्या भेटीला दुसऱ्याच कुणाच्या अंगावर होते. सांभाळणारा म्हणाला, “काका, इथं सगळं सगळ्यांचं असतं.” खोटं नव्हतं ते. पण जिथं सगळं सगळ्यांचं असतं तिथं धाकल्याचं म्हणून काही नव्हतं. रात्रपाळीला सत्तर माणसांमागं दोन माणसं. दोन माणसांनी सत्तर जण झोपवायचे म्हटल्यावर जे होतं ते झालं. गोळी वाढली. दुपारी चार वाजता गेलो तरी तो झापड आल्यासारखा बसलेला. बाहेरनं गाडीचा हॉर्न वाजला तरी त्याचा तो दुधाच्या टेम्पोचा आवाज निघाला नाही. पाच महिन्यांत तो आवाज गेला.

आणि दुसरं. तिथं आठवड्यातनं दोनदा व्यायाम घेणारी एक मुलगी यायची. तिनं धाकल्याला चमच्यानं खायला शिकवलं. पंचेचाळीस वर्षांचा गडी, आमच्या घरात कुणी ना कुणी भरवत आलेला, तो स्वतःच्या हातानं खिचडी खात होता. सांडत होता, पण खात होता. मी दारात उभा राहून बघितलं आणि मला आनंद व्हायच्या आधी राग आला. आईचा राग आला. बाई, तू ह्याला शिकवलं का नाहीस? मग लक्षात आलं, आईला तो तसाच हवा होता असं नाही, पण आईला वेळ नव्हता. भरवलं तर दहा मिनिटांत उरकतं, शिकवायचं तर तास जातो, आणि बाहेर जनावरं हंबरत असतात. मायेपायी त्याचे हात पंचेचाळीस वर्षं मांडीवरच राहिले.

म्हणजे घरानं त्याला बांधलं आणि भरवलं. संस्थेनं त्याला शिकवलं आणि झोपवलं. ह्यातलं काय बरं, असं मला कुणी विचारलं तर मी पटकन सांगणार नाही. शहरातली शिकलेली माणसं सांगतात. काही म्हणतात, घरासारखं दुसरं काही नाही. काही म्हणतात, तज्ज्ञ माणसांच्या हाती द्यावं. दोघांच्याही घरात असा माणूस बहुतेक नसतो.

संस्थेत मला जास्त काळजी बायकांच्या बाजूची वाटायची. त्याला कारण होतं. आमच्याच पुणे जिल्ह्यात, शिरूरला, मतिमंद मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. 1994 च्या फेब्रुवारीत तिथल्या काही मुलींना पुण्यात ससूनला नेऊन त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या. कारण काय, तर पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही. बायकांच्या संघटनांनी, काही डॉक्टरांनी आरडाओरडा केला, पेपरात आलं आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा मी पस्तिशीचा होतो. गावात पारावर पेपर वाचला जायचा. त्या दिवशी एक शहाणा माणूस म्हणाला, “बरोबर केलं. तेवढाच त्रास कमी.” कुणाचा त्रास, असं त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नंतर धाकल्याला दावं बांधताना मला शिरूर आठवायला लागलं. दावं संध्याकाळी सोडता येतं, काढलेली पिशवी परत येत नाही. एवढा मोठा फरक आहे आणि तो मी लपवत नाही. पण मूळ एकच होतं. काम जास्त, माणसं कमी. आणि माणसं वाढवण्यापेक्षा ज्याचं काम आहे त्याचंच अंग कमी करायचं. कुणाची पिशवी काढायची, कुणाला गोळी द्यायची, कुणाचं डोकं भादरायचं, कुणाला लिंबाला अडकवायचं. नाव मात्र दरवेळी त्याच्या भल्याचं.

त्याहून भयंकरही झालेलं आहे. पनवेलजवळ कळंबोलीला मतिमंद मुलींच्या खासगी बालगृहात काय चाललं होतं ते 2011 साली बाहेर आलं आणि 2013 साली मुंबईच्या न्यायालयात शिक्षा झाल्या. आम्ही धाकल्याला ठेवला त्याच साली हे पेपरात येत होतं. बायको मला बातमी वाचून दाखवायला लावायची आणि अर्ध्यात म्हणायची, बास. माझा भाचा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, त्याला फोनवर बोललो तर तो म्हणाला, मामा, इकडंही झालेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रुक नावाची सरकारी संस्था होती. चार हजार माणसांची सोय, आत सहा हजार कोंबलेली. 1972 साली टीव्हीवाल्यांनी कॅमेरा आत नेला तेव्हा देशाला कळलं की आत लोक उघडे, घाणीत बसलेत. 1987 साली ती बंद केली. माणसं मग गल्लीबोळातल्या लहान लहान घरांत ठेवली. एका घरात थोडी माणसं, बरोबर पगारी मदतनीस. “आन् शेजारी काय म्हणाले?” मी विचारलं. तो हसला. म्हणाला, “आमच्या शेजारी नको म्हणाले.”

विलोब्रुक काय, कळंबोली काय, दोन्हीकडं फाटक होतं आणि फाटकाच्या आत बाहेरचं माणूस जात नव्हतं. इथंवर मी आलो आणि मग माझं माझ्याच वस्तीकडं लक्ष गेलं. आमच्या वस्तीला फाटक नाही. पण चारी बाजूंनी ऊस आहे. आडसाली ऊस दीडपुरुष वाढला की शेजारच्या वस्तीचं पत्र्याचं छप्परही दिसत नाही. लिंबाला माणूस बांधलेला आहे हे कुणाला दिसणार? तोडणीवाले सोडले तर कुणीच बघितलं नाही. ते बीडचे लोक, त्यांच्यातल्या एका बाईनं जाता जाता त्याला आपल्यातला भाकरतुकडा दिला. एवढीच बाहेरची नजर.

माझ्या लहानपणी असं नव्हतं. तेव्हा आम्ही गावठाणात राहायचो, चौदा घरांची आळी. धाकला उंबऱ्यावर बसायचा. येणारा जाणारा त्याला काहीतरी बोलायचा, कुणी खडा मारायचा, हेही लपवत नाही, पण खडा मारला की समोरची म्हातारी काठी घेऊन उठायची. तो दिसेनासा झाला तर पाच मिनिटांत आळीला कळायचं. मग 72 च्या दुष्काळानंतर विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, ऊस वाढला आणि एकेक घर रानात वस्तीला गेलं. पाण्यानं आम्हाला पैसा दिला आणि एकमेकांच्या नजरेआड केलं. गावठाणात आता निम्मी घरं कुलपात आहेत. हे कुणी ठरवून केलं नाही. पण धाकल्याचं आयुष्य त्यानं जेवढं बदललं तेवढं कुठल्या संस्थेनं बदललं नाही.

2016 साली दिव्यांगांचा नवा कायदा झाला. एका शिबिरात वकिलानं पाचवं कलम वाचून दाखवलं. दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, त्याला अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती होऊ नये, आणि घरी, निवासी वा समाजात लागणारी मदत त्याला मिळावी म्हणून सरकार प्रयत्न करील. प्रयत्न करील! कालव्याचं आवर्तन वेळेवर सोडण्याचा प्रयत्न करू, हे आम्ही तीस वर्षं ऐकतोय. तरी कायदा चांगलाच आहे. फक्त शिबिरात मला विचारायचं होतं ते विचारलं नाही: साहेब, समाजात म्हणजे नेमकं कुठं? उसात?

फलटण आम्हाला जवळ. तिथं महानुभावांची मोठी ठाणी आहेत आणि आमच्या एका सोयऱ्याच्या घरात तो पंथ आहे. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गोविंदप्रभूंच्या गोष्टी ऐकल्या. तेराव्या शतकात अमरावतीकडं रिद्धपूरला हे होऊन गेले. चक्रधरस्वामींचे गुरू. लोकांना ते वेडे वाटायचे. कुणाच्याही घरात शिरायचे, मिळेल ते खायचे, मनाला येईल तसं वागायचे, मधनंच रुसायचे. आणि ते गाव त्यांना सांभाळत होतं. ह्या सगळ्या लीळा म्हणून लिहून ठेवलेल्या आहेत. सोयरे मला त्यातलं देवपण सांगत होते आणि मी मनात गावाकडं बघत होतो. काय गाव असेल ते! घरात शिरलेल्या खुळ्याला हाकलायचं सोडून बसायला पाट देणारं.

मग शंका आली. देव मानले म्हणून सांभाळले का? धाकल्यालाही आमच्याकडं देवमाणूस म्हणतात. पहिला आंबटगोड आंबा त्याच्या हातात देतात. पण त्याला चप्पल घ्यायचं पन्नाशीपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नाही. देवाला चप्पल कशाला लागते? देव म्हटलं की नमस्कारावर भागतं. माणूस म्हटलं की खर्च आहे, आणि रोजचं काम आहे.

रिद्धपूरच्या त्याच काळापासून बेल्जियम देशात गील नावाच्या गावात एक रीत चालत आलीय. भाच्यानंच सांगितलं. तिथली शेतकरी कुटुंबं मनानं आजारी आणि मंदबुद्धीची परकी माणसं घरात ठेवून घेतात. आधी एका संतिणीच्या देवळाच्या नावानं माणसं यायची, तिथनं सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्या एका गावात अशी साडेतीन हजारांवर माणसं घरोघर राहत होती. आता बरीच कमी झालीत. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटली. त्या कुटुंबांना सरकार पैसे देतं, आणि गावातच दवाखाना आहे. माणूस बिघडला तर तिकडं न्यायचा, सावरला की परत घरी. म्हणजे नुसत्या पुण्यावर ती रीत सातशे वर्षं टिकली नाही.

आपल्याकडं पुण्यावर चालतं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी सोडून दिलेल्या, टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं, बाप म्हणून. शंभरावर लेकरं. त्यातली माला पापळकर, जन्माची आंधळी, 2024 साली एमपीएससी पास झाली. त्याच साली बाबांना पद्मश्री मिळाली. मी तिथं गेलेलो नाही, टीव्हीवर बघितलं, आणि बघताना बायकोनं पदर डोळ्याला लावला. कागदावर ते बालगृह आहे, पण घर म्हणावं असंच. बाबांची एक मागणी फार जुनी आहे: अठरा वर्षांचा झाला की मुलाला बालगृहातनं बाहेर काढा, असा जो नियम आहे तो अशा लेकरांना लावू नका, त्यांना कायमचं राहू द्या. अठराव्या वर्षी धाकला बाहेर पडला असता तर कुठं गेला असता? बदलापूरला ‘आधार’ नावाची संस्था आहे, ती तर आईबापांनीच काढली. आपल्यामागं मोठ्या झालेल्या पोरांचं काय, या भीतीतनं. मला ती भीती आत बाहेर ठाऊक आहे. पण शंकरबाबा एखादाच असतो. गावोगावी एकेक शंकरबाबा जन्माला येईल म्हणून वाट बघणं म्हणजे पावसाच्या भरवशावर ऊस लावणं.

आता जमिनीचं बोलतो. ते बोलल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही.

वडिलांमागं आमची साडेसात एकर बागायत. बहिणीनं हक्कसोड करून दिली. राहिलो आम्ही दोघं. सातबाऱ्यावर धाकल्याच्या नावापुढं बरीच वर्षं ‘अ.पा.क. आई’ असं होतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आई गेल्यावर ते पालनकर्ताचं जागेवर कोण, हा प्रश्न आला आणि सगळ्या भावकीला अचानक धाकल्याची काळजी लागली. एक चुलतभाऊ मला म्हणाला, “दादा, त्येला आम्ही नेतो. वैनीला कशाला तरास? त्येचं वावर आम्ही कसतो.” आमच्याकडं म्हणच आहे तशी रीत आहे: राखील तो खाईल. मी त्याला नाही म्हणालो आणि स्वतःचा अभिमान वाटला. मग रात्री विचार केला. सोळा महिन्यांनी, 2012 च्या दिवाळीला, मी धाकल्याला संस्थेतनं परत आणला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. त्याच्या नावावर पावणेचार एकर नसती तर मी आणला असता का? आणला असता, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. भावकीतल्या दुसऱ्या एकाला जमीन नसलेला असाच पोरगा होता. त्याला न्यायला कुणीच चुलता आला नाही. तो कुठं आहे ते मला ठाऊक नाही आणि मी शोध घेतलेला नाही.

पुढं 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातनं मी त्याचा कायदेशीर पालक झालो. असा माणूस सज्ञान झाला तरी त्याला पालक लागतो, आणि तो नेमायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. पुण्याला चार खेपा झाल्या. तिथं त्याच्या मिळकतीचा हिशेब द्यायला लागतो, हे कळल्यावर मला आधी ओझं वाटलं आणि मग बरं वाटलं. आता त्याच्या वाट्याच्या उसाचं बिल त्याच्या खात्यावर जातं. संजय गांधी योजनेचे पैसे त्याच खात्यावर. 2023 साली हजाराचे पंधराशे झाले. पंधराशेत महिन्याची लंगोटं येत नव्हती, पण बिलाची जोड होती म्हणून भागायचं. त्या पैशातनं वस्तीवरचा एक तरुण आम्ही पगारी ठेवलाय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. अंघोळ, मालिश, फेरी. त्यानं फाट्याकडच्या बाजूला तारेचं कुंपण करून घेतलं. दोनशे फुटांचं कुंपण. चाळीस वर्षं आम्ही माणूस बांधत होतो, आणि त्या पोरानं पहिल्या महिन्यात विचारलं, “काका, पाण्यालाच कुंपण घातलं तर?”

ही अक्कल मला का आली नाही, याचं उत्तर मला एकच सापडतं. धाकल्याला सांभाळायचं काम फुकटचं होतं. फुकटच्या कामात कुणी सुधारणा करत नाही.

धाकल्याचा टेम्पोचा आवाज परत आला, पण दोन वर्षांनी. चमचा मात्र गेला. घरी आल्यावर बायको पुन्हा भरवायला लागली आणि तिला कुणी काही म्हटलं नाही. आता तो पोरगा पुन्हा शिकवतोय. अठ्ठावन्नाव्या वर्षी जरा अवघड आहे.

हे सगळं पावणेचार एकरावर चाललंय. ज्याला वाटा नाही त्याचं काय, हा प्रश्न मला गेल्या आषाढात जास्त टोचला. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण होतं. त्या एका रात्रीत आमचा भाग लाखो परक्या माणसांना जेवू घालतो. अंगणं मोकळी करतो, संडासं उघडी ठेवतो, म्हाताऱ्या वारकऱ्यांचे पाय चेपतो. कुणी कुणाला विचारत नाही की तू कोण. आणि त्याच दिवशी, गर्दीत हरवायला नको म्हणून, गावातले सगळे धाकले घरात कोंडलेले असतात. मी पिठलं ढवळता ढवळता हे मोजायला लागलो. मग दिवाळीनंतर खरोखरच फिरून मोजलं. आमचं आणि शेजारची दोन गावं मिळून अशी अकरा माणसं. सहा बायका, पाच गडी. चार जणांची आई सत्तरीच्या पुढं. एका घरी मला आत बोलावलं, चहा दिला, आणि मुलगी आहे का विचारलं तर नाही म्हणाले. मागच्या खोलीतनं आवाज येत होता.

गावठाणात सोसायटीचं जुनं गोदाम आहे. खताची पोती आता तिथं येत नाहीत. भिंती दगडी, दार थेट पेठेच्या गल्लीत. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला देऊळ, समोर चहाची टपरी. मला वाटलं, सहा माणसं राहतील एवढं घर तिथं होईल. ज्यांना आई आहे ती दिवसा येतील, ज्यांना नाही ती राहतील. गावातलीच चार माणसं पगारावर. टपरीवरनं सगळं दिसेल, मुद्दाम बघायला जायला नको. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेच आहेत. दरसाल चादरी वाटून ते संपवतात. राष्ट्रीय न्यासाचीही राहण्याच्या घरांसाठी योजना आहे, पण ती नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत, म्हणजे आधी संस्था काढा. संस्था नको म्हणून घर काढायला निघालेल्या माणसाला संस्थाच काढायला लागणार, याचं मला हसू आलं.

ग्रामसभेत मी हे बोललो. मला वाटलं होतं पैशावर अडेल. पैशावर कुणीच अडलं नाही. एकजण उठला, माझ्याच वयाचा, चांगला माळकरी. म्हणाला, “तुमचं बरोबर हाय, पन देवळाला लागून नको. वास येतो. आन् रातच्याला वरडत्यात.” दुसरा म्हणाला, गावाबाहेर माळावर गायरान आहे, तिथं मोठी संस्था बांधू, आमदारांना सांगू, शंभर जणांची. टाळ्या वाजल्या. मला विलोब्रुकचे शेजारी आठवले आणि भाच्याचं हसणंही आठवलं. मी म्हटलं, “मग माळावरचं दार कुठं उघडणार? कोल्ह्यांकडं?” काही लोक हसले, माळकरी हसला नाही. विषय पुढच्या सभेवर ठेवला. ग्रामसेवक म्हणाले, लेखी अर्ज द्या.

अर्ज मी दोनदा लिहिला. दहावीपर्यंतच्या शिक्षणात जेवढं शुद्ध येतं तेवढं केलं. रात्री बायकोला वाचून दाखवला. किती माणसं राहणार, छपराचे पत्रे, पाण्याची टाकी, संडासाला दांडी, पगारी माणसं दिवसा तीन आणि रात्री एक. ती भाजी निवडत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “रातच्याला दोन लिवा. एकट्यानं उचलंना.”